दुसरं मडकं

माझ्या हातांना भोकं आहेत, हे मला सातव्या वर्षी कळलं. सांगितलं आत्यानं. घरी पाहुणे बसलेले, आणि मी हौसेनं भरून आणलेली पाण्याची कळशी नेमकी दारात हातून सुटली. कळशीला पोचा आला, पाहुण्यांच्या चपला भिजल्या. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "इचे हातच भोकाचे हायेत. इच्या हाती काही देत नका जाऊ." पाहुणे हसले. सगळे हसत होते म्हणून मीही हसले.

आत्या म्हणजे काही साधं प्रकरण नाही. माझ्या वडिलांची मोठी बहीण, त्याच गावात दिलेली, आमच्यापासून चार घरं सोडून राहणारी. तिनं एखाद्याला नाव ठेवलं की ते त्याला चिकटलंच. माझंही तसंच झालं. लग्नकार्यात चहाचा ट्रे माझ्याकडे आला की कोणीतरी "तू राहू दे वं" म्हणून काढून घ्यायचं. कोणाचं बाळ घ्यायला हात पुढे केले तर बाळाची आई हळूच दुसरीकडे वळायची. पुढे माझी स्वतःची मुलगी झाली, तेव्हा दवाखान्यात मी नर्सबाईंना विचारलं, "मी घेऊ का हिला?" त्या म्हणाल्या, "मंग कोण घेईन, मी?" आज हे सांगताना हसू येतं. त्या दिवशी मला खरंच परवानगी हवी होती.

मोठी होता होता मी एक युक्ती काढली. कोणी काही बोलायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, "मले नाही जमत." स्वतःचं नाक स्वतःच कापून हातात दिलं की दुसऱ्याला कापायला काही उरत नाही. शाळेत गाण्याला नाव द्यायचं असो, बचत गटात सही करायची असो, स्कूटी शिकायची असो, माझं उत्तर तयार. लोकांना वाटायचं, किती नम्र बाई आहे. नम्र कसली डोंबलाची, घाबरट होते मी.

आणि माझा जन्म कोणाच्या पोटी? तर केळापूरच्या आजूबाजूला लांब रोटीसाठी जिला गावोगाव बोलावतात, त्या बाईच्या. लांब रोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. इथं पोळपाट-लाटण्याचं काम नाही. बारीक चाळलेल्या गव्हाची कणीक इतकी सैल भिजवायची की ती परातीत वाहायला पाहते. मग ती तासभर तिंबायची, आपटायची, तिला तार सुटेपर्यंत. मग गोळा दोन्ही तळव्यांवर घेऊन या हातावरून त्या हातावर खेळवायचा. तो आपल्या वजनानं लोंबत जातो, पसरत जातो, पार कोपरापर्यंत येतो. आरपार दिसेल इतका पातळ झाला की चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर एका झोकात टाकायचा. मिनिटभरात रोटी तयार. माझी माय हे काम गप्पा मारत करते. मोठं जेवण असलं की दोन चुली, दोन मडकी. एकावर माय, दुसऱ्यावर तिची जोडीदारीण, शेजारच्या गल्लीतली एक काकू. तीस वर्षं दोघींची जोडी.

आणि मी? मी चुलीत लाकडं सारायची. मायनं मला कधी हिणवलं नाही, पण मडक्यावरही कधी बसवलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाली, "तू नाही म्हनतं म्हनून मी बी नाही म्हनत." खरंच होतं ते.

लग्न होऊन मी यवतमाळला आले, लोहाऱ्याला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत मसाल्याच्या पुड्या भरायच्या एका छोट्या कारखान्यात मी बारा वर्षं काम करते आहे. माझं टेबल चेकिंगचं. पुडीचं सील नीट बसलं का, वजन भरतं का, छाप सरळ आहे का, हे पाहायचं. मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो, तो मला ऐकू येतो. मेकॅनिक येऊन मलाच विचारतो, "ताई, काय म्हणते मशीन?" हे सगळं होत होतं, आणि तरी गेल्या पावसाळ्याच्या शेवटी साहेबांनी बोलावून सुपरवायझर होता का म्हणून विचारलं, तेव्हा तोंडातून निघालं काय? "नाही साहेब, मले नाही जमणार."

त्या जागेवर जिला बसवलं तिला काम मीच शिकवलं होतं. मुलगी गुणाची आहे, तिच्यावर राग नाही. पण पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "ताई, जरा लवकर हात चालवा ना." मी लवकर हात चालवला. घरी येताना मात्र रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या. साहेबांनी एवढं बरं केलं की दार पूर्ण लावलं नाही. म्हणाले, "उन्हाळ्यात दुसरी लाइन सुरू होणार आहे. तेव्हा परत विचारेन. तिसऱ्यांदा विचारणार नाही."

आता आली का पंचाईत. हातात चार-सहा महिने, आणि सवय पस्तीस वर्षांची.

मी मोबाइलवर उपाय शोधले. एका व्हिडिओत एक बाई म्हणाली, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा, मी खूप सुंदर आहे, मी खूप हुशार आहे. म्हटलं, करून पाहू. तिसऱ्या दिवशी बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "कोनाशी बोलून राह्यली वं?" मी म्हटलं, "कोनाशी नाही, केस इंचरून राह्यली." तिथंच तो उपाय संपला. खरं सांगायचं तर आरशातली बाई माझ्यावर विश्वास ठेवत नव्हती.

झोप येईना म्हणून सरकारी दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांनी तिथल्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. साध्या बाई होत्या, टेबलावर डबा उघडा ठेवून बोलत होत्या. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्हाला काम येत नाही असं नाहीये. तुम्हाला चुकायचं येत नाही. असं एक काम घ्या, जे चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, आणि ते भरपूर चुकवा." मी घरी येताना विचार करत होते, असं काम कोणतं. आणि एकदम मडकं डोळ्यांसमोर आलं. हातांचं दुखणं होतं, औषधही हातांनाच हवं होतं.

मग हिवाळाभर जमेल त्या रविवारी मी सकाळची बस धरून मायकडे जाऊ लागले. पहिल्या रविवारी मायनं सरळ परात पुढे सरकवली. मी कणीक भिजवली, तिंबली, गोळा हातावर घेतला, आणि तो दोन वेळा खेळवायच्या आत मधोमध फाटला. दुसरा फाटला. पाचवा मडक्यापर्यंत पोचला आणि अर्धा मडक्यावर, अर्धा माझ्या पायावर. शेजारच्यांची शेळी दाव्याला बांधलेली होती, तिला त्या रविवारी मेजवानी झाली. त्या हिवाळ्यात ती शेळी एवढी माजली, की मालकीण मला विचारायची, "या रविवारी येनार ना?"

तिसऱ्या खेपेला मायनं माझ्या परातीत बोट घातलं आणि म्हणाली, "काहून इतकं घट्ट भिजोलं वं?"

"फाटते म्हणून."

"घट्ट भिजोतं म्हनून फाटते. तुले भेव वाटते, मंग तू कोरडं पीठ टाकतं. म्हनतं, आता हे माह्या हातात राहीन. नाही राहात. सैल सोड त्याले."

मला राग आला. पीठ मळायलाही आता भीतीच नडते म्हणजे काय. पण पुढच्या वेळी पाहिलं, तर खरंच, गोळा जरा लोंबायला लागला की माझा हात आपोआप कोरड्या पिठाच्या डब्याकडे जात होता. मला कळायच्या आत मूठ टाकून व्हायची. मी डबा उचलून मायच्या देव्हाऱ्याच्या... नाही, आमच्याकडे देव्हारा नाही, भिंतीवर फोटो आहेत, त्या फोटोंखालच्या फळीवर नेऊन ठेवला. उठून आणावा लागेल असा. त्या दिवशी पहिली रोटी अख्खी उतरली. वाकडी होती, एका बाजूला जाड होती, पण अख्खी होती. मी ती पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. माय म्हणाली, "आता खाशीन का फोटो काढशीन?" मी फोटो काढला. अजून मोबाइलमध्ये आहे.

उन्हाळा लागता लागता मायच्या वस्तीतल्या विहाराला नवी फरशी बसली, आणि त्या निमित्तानं सगळ्या वस्तीचं जेवण ठरलं. वांग्या-आलूची भाजी, वरण, बुंदी आणि मायची लांब रोटी. मायनं शब्द देऊन टाकला होता. आणि चार दिवस आधी काकूचा गुडघा धरला. उभं राहता येईना, खाली बसता येईना. मायचा फोन आला. मला वाटलं, दुसरी कोणी बाई शोध म्हणून सांगेल. ती म्हणाली, "दुसऱ्या मडक्यावर माही पोरगी हाये म्हनून सांगतलं मी."

"माय, मले नाही..."

"सांगतलं मी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोटी फाटली तर माझी लाज जाणार होती, तिला मी सरावलेली होते. पण या वेळी मायचा शब्द जाणार होता. आणि मनात हेही पक्कं होतं, की इथं बसता आलं नाही तर उन्हाळ्यात साहेबांसमोरही तोंड उघडणार नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी विहारात वंदना चालू होती, आणि मागच्या मोकळ्या जागेत दोन चुली पेटल्या होत्या. कणीक मी पहाटेच तिंबून ठेवली होती. वंदना संपली, ताडपत्रीखाली पंगत बसली, भाजी वाढून झाली. आणि पहिल्या ओळीत, माझ्या चुलीच्या बरोबर समोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर कोण? आत्या. ऐंशीच्या घरात आली आहे. गुडघे मांडी घालू देत नाहीत, म्हणून खुर्ची. जीभ मात्र अजून चालती आहे.

मी गोळा घेतला. पहिल्या फेरीलाच तो आकसल्यासारखा वाटला. दुसऱ्या फेरीत टरकन फाटला, आणि अर्धा तुकडा राखेत पडला. वाढणाऱ्या बाया थांबल्या. आत्या शेजारणीला म्हणाली, मला ऐकू येईल अशी, "मी तवाच म्हनलं होतं. भोकाचे हात."

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती आपल्या मडक्यावर रोटी टाकत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, ती काहीतरी म्हणेल, दुसऱ्या कोणाला बसवेल. तिनं पुढचा गोळा हातावर घेतला. माझं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. एक पाय उचलून मी अर्धी उठलेही होते.

तेवढ्यात माझी नजर परातीवर गेली, आणि कपाळाला हात लावावा वाटला. परातीच्या कडेला कोरडं पीठ चिकटलेलं दिसत होतं. पहाटे घाबरून मीच दोन मुठी टाकल्या होत्या, आणि मला आठवतही नव्हतं. हात भोकाचे नव्हते. कणीक घट्ट होती. एवढंच. पाण्यानं दुरुस्त होणारी गोष्ट होती.

पण दुरुस्त करायची म्हणजे पुन्हा तिंबायची. दहा-पंधरा मिनिटं तरी. पंगत ताटावर बसलेली, वांग्याची भाजी वाढलेली, एकट्या मायच्या मडक्यावर अख्खी वस्ती जेवणार कशी? आणि मी आजवर कोणालाही, कशासाठीही, थांबायला सांगितलेलं नव्हतं. दुकानात माझा नंबर असताना दुसरा पुढे घुसला तरी मी मागे सरकणारी बाई. मी खाली बसले. गडव्यातलं पाणी ओंजळीनं परातीत घातलं आणि म्हटलं, "थांबा जरा. माहं पीठ नीट झालं नाही. नीट झालं की टाकतो."

आवाज माझाच होता. मोठा निघाला होता.

मग मी ती कणीक आपटली. काय आपटली म्हणून सांगू. परातीचा आवाज विहाराच्या भिंतीला लागून परत येत होता. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. पंगतीत कुजबुज होती, कोणी भाजीच चाटत होतं, कोणी "मायच्या मडक्यावरची इकडे आना" म्हणत होतं. मी वर पाहिलं नाही. पाणी, तिंबणं, आपटणं, पुन्हा पाणी. शेवटी कणकेनं तार धरली. बोट उचललं की मागे मागे यायला लागली.

गोळा हातावर घेतला आणि सोडून दिला त्याला. तो लोंबला, मनगटावरून उतरला, कोपरापर्यंत आला. त्यातून मला पलीकडची चूल दिसत होती. एका झोकात मडक्यावर टाकला. बसला. एक सुरकुती नाही. मी ती रोटी उतरवली, घडी घातली आणि टोपल्यात टाकली, तेव्हा माझ्या छातीत जे झालं त्याला मराठीत अभिमान म्हणतात, आणि तो शब्द मी स्वतःसाठी तोवर कधी वापरला नव्हता. आज वापरते. खुशाल वापरते.

त्यानंतर किती टाकल्या ते माहीत नाही. मधे दोन फाटल्या. फाटल्या तर फाटल्या, पुढचा गोळा घेतला. पंगत उठत आली तेव्हा आत्यानं ताट पुढे केलं आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "आनखी एक दे. तिच्या मडक्याची." बोट माझ्या चुलीकडे होतं.

मी म्हटलं, "थांबा आत्या. नंबर हाये."

आत्या थांबली. तिला थांबलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिची रोटी मी मनापासून लांब केली, आणि स्वतः उठून तिच्या ताटात वाढली. ती काही बोलली नाही, खाल्ली. बोलायला तोंड रिकामं नव्हतं, असंही असेल.

दुपारी भांडी घासून झाली. निघायच्या वेळी मायनं माझ्यासमोर दुसरं मडकं आणून ठेवलं. काकू ज्यावर बसायची ते. बाहेरून काळंकुट्ट, आठ-नऊ वर्षं आगीत भाजून निघालेलं. नव्या मडक्यावर रोटी चिकटते, तडकायचीही भीती, म्हणून असं मुरलेलं मडकं बाया एकमेकींना हातही लावू देत नाहीत. माय म्हणाली, "काकूनं सांगतलं, इले दे म्हनून. घेऊन जाय."

"बसमधे? फुटलं तर?"

"फुटन कसं? तुह्या हातात हाये ना."

असं म्हणून ती चूल सारवायला वळली. मी तिथंच उभी राहून रडले, आणि रडतानाही मडकं खाली ठेवलं नाही.

मायच्या गावाजवळच्या पांढरकवड्याहून यवतमाळची बस धरली, ती भरलेली होती. कंडक्टरनं मांडीवरचं काळं धूड पाहिलं आणि म्हणाला, "बाई, वर ठेवा ते रॅकवर." मी म्हटलं, "राहू द्या. माझ्या हातात बरं आहे." रस्ता कसा आहे ते त्या बसनं गेलेल्यांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला मी सीटवरून उडाले. साडीला काजळी लागली, दोन्ही दंड भरून आले. लोहाऱ्याला घरी पोचले तेव्हा मडक्याला एक टवकाही गेलेला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. नवी लाइन आठ दिवसांत सुरू होत होती. त्यांनी फिरवून विचारलं नाही. "बोला, काय करायचं?"

जुनं वाक्य आलं जिभेवर. ते येतं, अजूनही येतं, माणूस एका जेवणात बदलत नाही. मी ते येऊ दिलं आणि तसंच गिळलं.

म्हटलं, "जमेल साहेब. पण पहिले काही दिवस लाइन हळू चालेल. सील नीट बसल्याशिवाय मी माल पुढे जाऊ देणार नाही. तुम्हाला थांबावं लागेल."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "थांबू."